किरणमात्रेचीं दप्तरें : तुर्भे, तारापूर व माण-चाकण येथील कामगारांच्या आरोग्याविषयीं साधनांचा विचार

ताम्रपट, सनदा, महजर व करीने यांच्या चर्चेस सरावलेल्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा मथळा पाहून थोडेंसें चमत्कारिक वाटेल. अणुभट्टीचा आणि आपल्या मंडळाचा संबंध काय, असा प्रश्न हा लेख आधीं वाचून पाहणाऱ्या दोघां स्नेह्यांनीं मला केलाहि. संबंध आहे तो साधनांच्या परीक्षेचा. कागद कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, पाहून लिहिला कीं ऐकून लिहिला, आणि जेथें कागद मुका आहे तेथें त्या मुकेपणाचा अर्थ काय करावा, हे जे प्रश्न आपण एखाद्या निजामशाही फर्मानास विचारतों तेच एका कामगाराच्या नोंदीस विचारण्याची वेळ मजवर आली. व ते विचारतां विचारतां जें हातीं लागलें तें येथें मांडितों.

सदर कागद मजकडे आले ते असे. मी माण येथें राहतों. हें गांव मुळशी तालुक्यांतील. हिंजवडीच्या संगणक-उद्योगाचा तिसरा टप्पा ह्याच गांवच्या शिवारांत उभा राहिला, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत येथील मुलें दोन पिढ्या कामास जात आहेत. माझ्या हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी (त्याचें नांव देत नाहीं) गेल्या पावसाळ्यांत एक कापडी पिशवी घेऊन आला. वय पन्नाशीच्या पुढें. रक्ताच्या तपासणींत पांढऱ्या पेशींचें प्रमाण बिघडलेलें आढळलें होतें व पुढील तपासण्या चालू होत्या. तो म्हणाला, "गुरुजी, डॉक्टर विचारतात, आजवर एकंदर डोस किती घेतला? आतां मी काय सांगूं? तुम्हांला जुने कागद लावतां येतात, हे जरा पाहा."

वीस वर्षांपूर्वीं तो एका ठेकेदाराकडे 'आर. टी.'च्या कामास मदतनीस होता. ओतीव भाग किंवा वेल्डिंगचा जोड आंतून निर्दोष आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां इरिडियम-१९२ ह्या किरणोत्सर्गी धातूची बारीक गोळी वापरतात. ती एरव्हीं जड धातूच्या पेटींत बंद असते. काम करतांना हातानें कळ फिरवून ती नळींतून बाहेर ढकलावयाची, भागाच्या पलीकडे फिल्म लावावयाची, आणि ठराविक वेळानें गोळी पुन्हां पेटींत ओढून घ्यावयाची. कामगार हिला 'सोर्स' म्हणतात. हें काम बहुधा रात्रीं, इतर माणसें घरीं गेल्यावर चालतें.

पिशवींत चार जिनसा होत्या. पहिला, कामावर ठेवल्याची टंकलिखित चिठ्ठी, एक बंद. वरचा उजवा कोपरा फाटल्यामुळें तारीख गेलेली. दुसरा, मात्रेच्या नोंदीच्या कार्डाची छायांकित प्रत, आठ तिमाह्यांची. तिसरी जिन्नस म्हणजे छातीवर लावावयाच्या बॅजचें रिकामें कवच. चौथी, खिशांत मावेल एवढी वही, निळ्या शाईनें त्याच्याच हातची लिहिलेली. तींत कोणत्या रात्रीं कोठें किती 'शॉट' घेतले हें टिपलेलें.

कार्ड व वही समोरासमोर ठेवून वाचतां एक विसंगति तत्काळ दिसते. कार्डावरील आठ तिमाह्यांपैकीं तिहींच्या पुढें शून्य आहे व एक रकाना कोरा आहे. शून्याच्या त्याच नऊ महिन्यांत वहीप्रमाणें ६१ रात्रीं काम झालेलें आहे. आतां वही कितपत विश्वसनीय, हा प्रश्न आला. ती रात्रपाळीचा भत्ता मागण्याकरितां लिहिलेली असल्यामुळें रात्री वाढवून लिहिण्यांत लेखकाचा स्वार्थ होता, ही गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. परंतु प्रत्येक महिन्याअखेर भत्ता मिळाल्याची दुसऱ्या हातची सही आहे. म्हणजे पैसे देणाऱ्यानेंहि त्या रात्री मान्य केल्या होत्या. खर्च ज्यानें सोसला त्यानें कबूल केलेली नोंद ही चांगल्यापैकीं साक्ष होय. मग कार्डावर शून्य कां? विचारतां उलगडा झाला. बॅज हरवल्यास दंड भरावा लागेल असें सांगून ठेकेदार सर्वांचे बॅज कपाटांत ठेवी, आणि तिमाही संपली कीं तपासणीस पाठवी. कपाटास जेवढे किरण लागले तेवढे कार्डावर उतरले!

संस्कृत शिकलेल्या माणसास ह्या ठिकाणीं भाट्ट मीमांसकांची आठवण होणें साहजिक आहे. भूतलावर घट नाहीं हें आपणांस कशानें कळतें? भाट्टांच्या मतें अनुपलब्धि हें त्याचें स्वतंत्र, सहावें प्रमाण. पण कसलीहि अनुपलब्धि त्यांस चालत नाहीं; ती 'योग्य' असावी लागते, म्हणजे घट तेथें असता तर तो खात्रीनें दिसला असता अशी परिस्थिति असावी लागते. काळोख्या खोलींत घट दिसला नाहीं एवढ्यावरून तो नाहीं असें ठरत नाहीं. कपाटांतील बॅजचें शून्य हें काळोखांतलें शून्य. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढें मोठमोठ्या पाहण्यांचें वजन करतांना हाच तराजू घ्यावा लागणार आहे.

किरणांचा अपाय दोन तऱ्हेचा असतो. एक तात्कालिक : सोर्स हातांत धरला तर कांहीं दिवसांत बोटें भाजतात, कातडी सुटते, ह्यास कागदाची गरज नाहीं, जखम स्वतःच बोलते. दुसरा अपाय विलंबित. थोडथोडी मात्रा वर्षानुवर्षें घेतलेल्या माणसास दहा, वीस, तीस वर्षांनीं कर्करोग होण्याचा संभव थोडासा वाढतो. हिरोशिमा व नागासाकी येथील वांचलेल्या लोकांची जी दीर्घ पाहणी १९५० पासून चालूं आहे तींत रक्ताचा कर्करोग पहिल्या दशकांतच वर आला, आणि इतर अवयवांचे कर्करोग त्यानंतर कित्येक दशकें येत राहिले. ह्या दुसऱ्या तऱ्हेच्या अपायाचें मुख्य वैशिष्ट्य असें कीं रोगावर कारणाची मुद्रा उमटलेली नसते. किरणांमुळें झालेला कर्करोग व आपोआप झालेला कर्करोग हे वैद्यास वेगळे ओळखतां येत नाहींत. शिक्का नसलेल्या पत्राप्रमाणें, त्याचा लेखक इतर पुराव्यानेंच ठरवावा लागतो.

रोग आधीं नोंदला जावा व कारण शतकांनीं कळावें, असें ह्या विषयांत पूर्वीं घडलेलें आहे. सॅक्सनींतील श्नेबर्ग येथील खाणकामगार अकालीं छातीच्या विकारानें मरतात ही गोष्ट सोळाव्या शतकापासून ठाऊक होती. ॲग्रिकोलाचा खनिविद्येवरील ग्रंथ १५५६ सालीं निघाला. त्यांत कार्पेथियन पर्वतांतील खाणींजवळ सात-सात नवरे केलेल्या बायका आहेत, व ते सर्व नवरे छातीच्या ह्या रोगानें गेले, असा उल्लेख येतो. हा विकार म्हणजे फुप्फुसांतील दुष्ट अर्बुद होय हें हार्टिंग व हेस यांनीं १८७९ सालीं दाखविलें, आणि खडकांतून निघणारा रेडॉन वायु हें त्याचें कारण विसाव्या शतकांत ठरलें.

याहून बोधप्रद प्रकरण अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतलें. तेथें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अंधारांत चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगानें रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचें टोंक ओठांनीं बारीक करीत. अमेलिया मॅगिया ही त्यांपैकीं एक १९२२ सालीं, जबडा कुजून, मरण पावली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलें गेलें उपदंश. १९२७ सालीं प्रेत उकरून पाहिलें तेव्हां हाडांतून किरण निघत होते. सरकारी मोहोर असलेला कागद खोटा, आणि पांच वर्षें मातींत पडलेलीं हाडें खरीं! बनावट सनदा उघडकीस आणण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांनाहि असें उदाहरण क्वचित् मिळालें असेल.

हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांकरितां आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, ती विषयास सोडून नाहीं. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्यूरी बाई १९३४ सालीं रक्त तयार होण्याचें थांबून वारल्या. त्यांच्या प्रयोगांच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत शिशाच्या अस्तराच्या पेट्यांत ठेविल्या आहेत, कारण कागदास लागलेलें रेडियम अद्याप किरण सोडीत आहे. रेडियम निम्मे होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. म्हणजे वाकाटकांचा दुसरा प्रवरसेन ताम्रपट कोरवीत होता त्या काळीं जर त्या वह्यांवर रेडियम सांडलें असतें, तर तें आज कोठें अर्धें झालें असतें. मजकूर वाचतां येतो व पोथी हाताळतां येत नाहीं असें हें बहुधा एकमेव दप्तर असावें.

आतां आपल्याकडे वळूं. माझ्या विद्यार्थ्याच्या पेटींतील इरिडियम बहुधा तुर्भ्याच्या भट्टींत तयार झालेलें. कारण देशांत असे सोर्स पुरविण्याचें काम अणुऊर्जा विभागाच्याच संस्थेकडे आहे. तुर्भे (इंग्रजांच्या तोंडीं ट्रॉम्बे) येथील अणुशक्ति-संस्था १९५४ सालीं स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं 'अप्सरा' ही पहिली भट्टी चालूं झाली, १९६० सालीं 'सायरस' आली, आणि १९६४ पासून जळलेल्या इंधनांतून प्लुटोनियम वेगळें काढण्याचें काम सुरू झालें. १९६७ सालीं संस्थेस होमी भाभांचें नांव देण्यांत आलें. येथील कामगारांच्या छातीवर आरंभीं छायाचित्राच्या फिल्मचा बॅज असे. फिल्म जितकी काळवंडेल तितकी मात्रा मोठी. १९७५ पासून तिच्या जागीं तापविल्यावर प्रकाश सोडणाऱ्या स्फटिकाचा बॅज आला, तोच हल्लींचा टी. एल. डी. बॅज.

परंतु मात्रेच्या इतिहासांत तुर्भ्यापेक्षां तारापूरचें प्रकरण जड आहे. पालघर जिल्ह्यांतील (तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील) ह्या केंद्राचा करार १९६३ सालीं अमेरिकेशीं झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें दोन भट्ट्या बांधून दिल्या, व १९६९ च्या ऑक्टोबरांत वीज विकली जाऊं लागली. दोन्ही भट्ट्या 'उकळत्या पाण्याच्या' जातीच्या. ह्या जातींत भट्टीच्या गाभ्यांत उकळलेल्या पाण्याचीच वाफ थेट चक्रावर जाते. म्हणून इंधनाच्या नळीस चीर गेली कीं आंतील किरणोत्सर्गी द्रव्य पाण्यांत, वाफेंत व नळांच्या आंतल्या कडांवर पसरतें. पहिल्या कांहीं वर्षांत तारापुरास इंधनाच्या नळ्या फुटण्याचे प्रकार पुष्कळ झाले. वाफ करणाऱ्या दुय्यम यंत्रांच्या नळ्याहि गळूं लागल्या. अखेर तीं यंत्रें बाजूस काढावीं लागून प्रत्येक भट्टीची शक्ति २१० मेगावॅटवरून १६० वर आणावी लागली. प्रत्येक गळती म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती म्हणजे माणूस आंत पाठविणें.

माणूस आंत किती वेळ राहूं शकतो हें मात्रेच्या मर्यादेवर ठरतें, आणि ही मर्यादा स्वतः एक ऐतिहासिक वस्तु आहे. १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय समितीनें दिवसास ०.२ रॉन्टजेन चालेल असें म्हटलें. वर्षाचा हिशेब केला तर तें आजच्या सरासरी मर्यादेच्या पंचवीस-तीस पट होतें. १९५० नंतर आठवड्यास ०.३ रेम, पुढें १९५८ च्या सुमारास वर्षास सरासरी ५ रेम (५० मिलिसिव्हर्ट), आणि १९९० सालीं वर्षास सरासरी २० मिलिसिव्हर्ट. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळानें (स्थापना १९८३) पांच वर्षांत १०० व कोणत्याहि एका वर्षांत ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली. तात्पर्य, १९७२ सालीं तारापुरास काम करणाऱ्यानें कोणताहि नियम न मोडतां एका वर्षांत जेवढी मात्रा घेतली असेल तेवढी आजच्या सरासरी मर्यादेनें अडीच वर्षांची होते. 'मर्यादेच्या आंत' हे शब्द कागदावर दिसले कीं त्या वर्षीं मर्यादा किती होती हें आधीं पाहिलें पाहिजे. शुहूर सनाचें वर्ष शकांत न बदलतां वापरल्यास जशी फसगत होते तशीच येथें होते.

मर्यादा दर माणशी असल्यामुळें जेथें किरण फार तेथें माणसें फार लावावीं लागतात. एकानें पांच मिनिटें बोल्ट फिरवावयाचा, मग दुसऱ्यानें. प्रत्येकाची मात्रा नियमांत बसते. कामाची एकंदर मात्रा तेवढीच राहते, ती फक्त अधिक देहांत वांटली जाते. अमेरिका, फ्रान्स व जपान येथेंहि हेंच झालें व तेथेंहि ह्या कामास फिरते मजूर लावले गेले. तारापुरासंबंधीं पॉल जेकब्स नांवाच्या अमेरिकन पत्रकाराचा लेख १९७९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दूषित झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीस बाहेरचीं माणसें लावल्याचें वर्णन आहे. लेखक तत्पूर्वींच, १९७८ च्या जानेवारींत, कर्करोगानें वारला होता. परकी प्रवाशाच्या वृत्तांतास आपण जेवढें वजन देतों तेवढेंच त्यासहि द्यावें : प्रत्यक्ष पाहिलेलें खरें धरावें, ऐकलेले आंकडे ताडून घ्यावे. परंतु असे मजूर होते ही गोष्ट यंत्राच्या स्वभावावरूनच निघते, तिला प्रवाशाची साक्ष नसती तरी चाललें असतें.

ह्या सर्व माणसांचें पुढें काय झालें? ह्याचें उत्तर अणुऊर्जा विभागाकडून वेळोवेळीं देण्यांत आलेलें आहे तें असें, कीं टाटा स्मारक केंद्राच्या वैद्यांनीं अणुवीज-केंद्रांतील कर्मचारी व त्यांचीं कुटुंबें यांची पाहणी केली व त्यांत कर्करोगाचें प्रमाण इतरांहून अधिक आढळलें नाहीं. पाहणी करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं मला शंका घ्यावयाची नाहीं. मला विचारावयाचें तें भाट्टांचें : ही अनुपलब्धि योग्य आहे काय? घट असता तर दिसला असता काय?

हिशेब कोणासहि करतां येईल. दहा हजार कामगार घ्या, प्रत्येकाची जन्मभराची मात्रा २० मिलिसिव्हर्ट धरा. आंतरराष्ट्रीय आयोगानें २००७ सालीं प्रौढ कामगारांच्या कर्करोगाकरितां धरलेलें मान दर सिव्हर्टास शेंकडा सुमारें ४ आहे. दहा हजारांची एकत्रित मात्रा २०० सिव्हर्ट. तिचे शेंकडा ४ म्हणजे ८ माणसें. आतां दुसरी बाजू. राष्ट्रीय कर्करोग-नोंदणीवरून २०२२ सालीं काढलेल्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत सरासरीनें नवांतील एकास जन्मांत केव्हां तरी कर्करोग होतो. म्हणजे त्या दहा हजारांत किरणांवांचूनहि ११०० रोगी निघणारच. ही ११०० ची संख्या निव्वळ योगायोगानें ३३ इकडे वा तिकडे होऊं शकते. तेहतिसांच्या त्या चढउतारांत ८ दिसणार कसे? ते नाहींत असेंहि म्हणतां येत नाहीं, आहेत असेंहि दाखवितां येत नाहीं. दिवा लहान आहे, एवढेंच खरें.

यांत आणखी एक पेंच. कामावर घेतांना प्रकृति तपासून घेतात व पुढेंहि औषधोपचार मिळतो, म्हणून अशा नोकरांची मृत्युसंख्या सामान्य जनतेहून कमीच असते. जनतेशीं तुलना केली तर किरण प्रकृतीस हितकर असल्याचाहि भास होईल. तुलना करावयाची ती कामगारांतल्या कामगारांत : अधिक मात्रेचा विरुद्ध कमी मात्रेचा. आणि त्यास प्रत्येकाचें मात्रेचें कार्ड व प्रत्येकाच्या मृत्यूचा दाखला एकत्र जुळवावा लागतो. अमेरिकेंत टॉमस मँक्यूसो यांनीं १९६४ पासून हॅनफर्ड येथील कामगारांचीं अशीं दप्तरें जुळविण्यास आरंभ केला. ॲलिस स्ट्यूअर्ट व जॉर्ज नील यांच्यासह त्यांनीं १९७७ सालीं अधिक कर्करोग आढळल्याचें प्रसिद्ध केलें, त्यावर मोठा वाद माजला, आणि त्यांचा सरकारी करारहि त्याच वर्षीं संपला. त्यांचे आंकडे पुढें पुष्कळांनीं खोडून काढले. पण दप्तरें जुळविण्याची रीत टिकली.

त्या रीतीचें फळ पुढें मिळालें. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील ३,०९,९३२ अणुकामगारांच्या नोंदी, कित्येक १९४४ पासूनच्या, एकत्र करून केलेली पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १,०३,५५३ मृत्यूंची नोंद असून त्यांतले २८,०८९ घन अवयवांच्या कर्करोगाचे. मात्रेबरोबर असा मृत्यु वाढतो, व ती वाढ दर ग्रेस शेंकडा सुमारें ५२ पडते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे १०० मिलिग्रे घेतलेल्यास शेंकडा सुमारें ५. वाढ लहान आहे. पण ती आहे, आणि ती दिसण्यास तीन लक्ष माणसांचीं पिढीभराचीं दप्तरें लागलीं. त्याआधीं २००५ सालीं पंधरा देशांची अशीच पाहणी निघाली होती; त्या पंधरांत हिंदुस्थान नव्हता.

उलट बाजूचा पुरावाहि सांगणें प्राप्त आहे. केरळांतील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळें जन्मभर अधिक किरण घेणाऱ्या ६९,९५८ लोकांची सरासरी दहा वर्षें केलेली पाहणी २००९ सालीं निघाली, व तींत कर्करोग वाढल्याचें दिसलें नाहीं. हा दिवा पुष्कळच मोठा. किरण मंद गतीनें मिळाले तर अपाय कमी होतो कीं काय, हा वाद त्यामुळें जागता आहे, व संस्कृतच्या मास्तरानें तो मिटवूं नये.

परंतु तीन लक्षांच्या दप्तरांतहि आणि आपल्या पाहण्यांतहि एक माणूस सारखाच निसटतो. वसाहतींत राहणारा, भविष्यनिर्वाह निधि असलेला, निवृत्तीनंतरहि पत्ता ठाऊक असलेला नोकर सांपडतो. तीन महिने येऊन, मर्यादा भरली कीं परत गेलेला मजूर सांपडत नाहीं. त्याची मात्रा एका गांवीं, आजार दुसऱ्या गांवीं व मृत्यु तिसऱ्या. मुळशीच्या धरणाखालीं गेलेल्या गांवांचीं नांवें १९२१ च्या सत्याग्रहामुळें तरी इतिहासांत राहिलीं. मुंबईस वीज पुरविण्याकरितां ज्यांनीं बोल्ट फिरविले त्यांचीं नांवें कोणत्या पोथींत आहेत?

नोंद जेथें नीट चालते तेथें ती किती उपयोगीं पडते याचें उदाहरण आपल्या सीमेवरचेंच आहे. कारवारजवळील कैगा येथें २००९ च्या नोव्हेंबरांत पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्यें कोणीं तरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलें. पन्नासांवर कामगारांच्या पोटांत तें गेलें. ना रंग, ना वास, ना वेदना. प्रकार उघडकीस आला तो लघवीच्या नेहमींच्या तपासणींत. अशी तपासणी होतच नसती तर ट्रिटियम हळूहळू शरीरांतून निघून गेलें असतें व त्याबरोबर पुरावाहि.

दप्तर असून तें पाहावयास न मिळणें ही निराळी अडचण. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमानें माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला होता. नियामक मंडळाचे तेव्हांचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन् यांच्या काळांत, १९९५ सालीं, केंद्रांतील सुमारें १३० उणिवांची टिपणी तयार झाली होती. ती मागण्यास 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' व बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले. तेथें निकाल विरुद्ध गेला व ६ जानेवारी २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि सरकारचेंच म्हणणें ग्राह्य धरलें. ती टिपणी यंत्रांविषयीं होती, कामगारांच्या मात्रेविषयीं नव्हे, हें स्पष्ट केलें पाहिजे. स्वतःची मात्रा जाणण्याचा कामगाराचा हक्क वेगळा आहे. २००४ सालींच झालेल्या किरण-संरक्षण नियमांनीं ती नोंद त्यास मागतांच व नोकरी सोडतांना देण्याचें बंधन मालकावर घातलें.

आणि नोंद मुळींच नसेल तर? अमेरिकेनें २००० सालीं अणुकामगारांच्या भरपाईचा कायदा केला त्यांतील एक कलम मला फार विचारपूर्वक घातलेलें वाटतें. एखाद्या वर्गाच्या कामगारांची मात्रा कागदाअभावीं ठरवितांच येत नसेल, व ती अपायकारक असण्याचा संभव असेल, तर ठराविक बावीस कर्करोगांपुरता रोग कामामुळेंच झाला असें धरून चालावयाचें. कागद गहाळ झाल्याचा तोटा ज्याच्या हातीं कागद नव्हता त्यावर पडूं द्यावयाचा नाहीं, हें त्यांतील तत्त्व. काळोख्या खोलींतील अनुपलब्धि अभाव सिद्ध करीत नाहीं, हें त्या कायदेपंडितांनीं मीमांसा न वाचतां ओळखलें.

माझ्या विद्यार्थ्याच्या कागदांकडे परत येतों. वहीवरून मात्रा काढतां येईल काय, हें मीं एका जाणत्या गृहस्थांस विचारलें. इरिडियम ७४ दिवसांत निम्मे होतें, म्हणून त्या त्या रात्रीं सोर्स किती जोराचा होता हें कळल्यावांचून हिशेब अशक्य, आणि जोर वहींत लिहिलेला नाहीं. रक्तपेशींच्या गुणसूत्रांवर किरणांच्या कांहीं खुणा राहतात. पण ज्या खुणा सहज वाचतां येतात त्या थोड्या वर्षांत पुसट होतात, वीस वर्षांनंतर त्यांवर भरंवसा ठेवतां येत नाहीं. राहिलें कार्ड. कार्डावर त्याचा व्यक्तिक्रमांक शाबूत आहे, आणि देशभरच्या अशा कामगारांच्या मात्रांची राष्ट्रीय नोंदणी तुर्भे येथें ठेवलेली आहे. तो क्रमांक घालून जन्मभराच्या मात्रेचा उतारा मागणारा अर्ज मीं त्यास लिहून दिला. सोबत वहीवरून रात्रींची तारीखवार यादी जोडली, आणि तीन शून्यांपुढें 'बॅज अंगावर नव्हता' असा शेरा त्याच्याच सहीनें घातला. डॉक्टरांसहि तीच यादी दिली. त्यांनीं ती वाचली व प्रकरणांत लावून घेतली.

वही त्याला परत पाहिजे होती. म्हणून तीन संध्याकाळीं बसून मीं तिची अक्षरशः नक्कल उतरून घेतली, खाडाखोड व चुकीचीं शुद्धलेखनें जशींच्या तशीं ठेवून. ३१ पृष्ठें झालीं. नक्कल माझ्या कपाटांत इतर पोथ्यांबरोबर लाल रुमालांत बांधून ठेविली आहे. दप्तर-क्रमांक अद्याप घातलेला नाहीं.